भारताचा माणूस दाराबाहेर पडेल तेव्हा

सानपाड्याच्या गच्चीवरून आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक नुसत्या डोळ्यांनी दिसते, हे इथे वर्षानुवर्षे राहणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते. दुर्बीण लागत नाही, शहराबाहेर जावे लागत नाही. पाम बीच रोडचे दिवे, खाडीवरचा धूसरपणा, समोरच्या टॉवरच्या उजळलेल्या खिडक्या, हे सगळे असूनही ते दिसते, इतके ते ठळक असते. सूर्य मावळून तासभर झाला की, किंवा पहाटे उजाडायच्या आत, पश्चिमेच्या बाजूने एक ठिपका वर येतो. तो लुकलुकत नाही. विमानासारखा लाल-हिरवा दिवा नाही, आवाज नाही. चार-पाच मिनिटांत तो आकाश ओलांडून पूर्वेकडे जातो आणि कधी कधी पारसिकच्या डोंगरांवर पोचायच्या आधीच विझल्यासारखा नाहीसा होतो, कारण तेवढ्यात तो पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो. आपल्याकडे अंधार पडला तरी चारशे किलोमीटर उंचीवर अजून ऊन असते. त्या उन्हात चमकणारे स्थानक आपण पाहत असतो.

हा ठिपका सुमारे ४२० टन वजनाचा आहे. तासाला सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने तो दिवसातून सोळाच्या आसपास वेळा पृथ्वीला फेरी मारतो. नोव्हेंबर २००० पासून तो एक दिवसही रिकामा राहिलेला नाही. पण मला त्यात सगळ्यांत थरारक वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. कधी कधी त्या ठिपक्याच्या बाहेरही माणूस असतो. त्याच वेगाने, पायाखाली काहीही नसताना, एका दोरीने स्थानकाला जोडलेला आणि हातात पाना घेतलेला.

पाना हा शब्द मुद्दाम वापरला. स्पेसवॉक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर निळ्या पृथ्वीवर तरंगणारी पांढरी आकृती येते. पण त्या सहा-सात तासांत तो माणूस करतो काय, असे विचाराल तर उत्तर अगदी कामगाराचे आहे: जुन्या बॅटऱ्या काढून नव्या बसवतो, नादुरुस्त पंप बदलतो, केबल ओढतो, गंजाशिवायही अडकून बसलेले बोल्ट सोडवतो.

सानपाड्याला मध्य रेल्वेचे कारशेड आहे. हार्बरच्या गाड्या तिथे तपासणीला येतात. रेक पिट लाइनवर उभा राहतो, माणसे खाली उतरून ब्रेक, चाके, मोटारी बघतात. छतावरच्या पेंटोग्राफला हात लावायचा तर आधी वरच्या तारेतला २५,००० व्होल्टचा पुरवठा बंद करून अर्थिंग करावे लागते. अवकाश स्थानकाचे दुखणे असे की ते कधीच शेडमध्ये येत नाही. एकदा वर गेले की पंधरा-वीस वर्षे किंवा त्याहूनही जास्त काळ ते धावतच राहते. मग कारागिरालाच अंगावर पोशाख चढवून धावत्या गाडीच्या बाहेर यावे लागते. स्पेसवॉक म्हणजे मुळात हे आहे.

याचा एक नमुना जवळून पाहण्यासारखा आहे. ऑक्टोबर २००७ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय स्थानकावर सौर पंख्याची एक घडी उलगडताना पंखा फाटला. तसाच सोडला असता तर फाट वाढून पंखा हातचा गेला असता. तो बंद करणेही शक्य नव्हते, कारण सौर पंख्याला बटण नसते. ऊन पडले की वीज तयार होते, आणि ही वीज शंभर व्होल्टच्या वर होती. आतल्या मंडळींनी तार आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या यांतून शर्टाच्या कफलिंकसारखे पाच टाके घरीच बनवले. ३ नोव्हेंबरला पेशाने डॉक्टर असलेले स्कॉट पॅराझिन्स्की बाहेर पडले. स्थानकाच्या यांत्रिक हाताला एक लांब दांडा जोडला होता, त्याच्या टोकावर ते पाय अडकवून उभे राहिले. अवजारांच्या धातूच्या भागांवर पिवळसर, वीज न वाहणारी टेप गुंडाळलेली होती. अडकलेली तार कापायची, टाका घालायचा, पंखा अंगाशी हेलकावला तर हॉकीस्टिकसारख्या काठीने हळूच दूर ढकलायचा. सात तासांहून जास्त वेळ हे शिवणकाम चालले, आणि पंखा पूर्ण उघडला.

त्याआधी चौतीस वर्षे, १९७३ च्या मे महिन्यात, अमेरिकेचे पहिले स्थानक स्कायलॅब वर जाताना एक सौर पंखा गमावून बसले होते आणि दुसरा धातूच्या एका पट्टीत अडकला होता. ७ जूनला पीट कॉनरॅड आणि जो केर्विन यांनी लांब दांड्याला लावलेल्या कातरीने ती पट्टी कापली. पट्टी तुटल्यावर पंखा सुटला आणि स्थानक वाचले. स्वतःचे स्थानक बांधणाऱ्या देशाला दाराबाहेर जाता आलेच पाहिजे, हे तेव्हाच ठरून गेले.

आता भारताकडे येऊ. १८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतीय अंतरिक्ष स्थानकाच्या पहिल्या कक्षाला मंजुरी दिली. हा कक्ष २०२८ मध्ये वर न्यायचा आणि पाच कक्षांचे पूर्ण स्थानक २०३५ पर्यंत उभे करायचे, असे उद्दिष्ट आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय अंतराळ दिनानिमित्त दिल्लीत पहिल्या कक्षाची प्रतिकृती ठेवली होती. वजन दहा टन, कक्षा ४५० किलोमीटर उंचीची. त्याच्या वैशिष्ट्यांच्या यादीत, डॉकिंगची यंत्रणा आणि श्वसनाच्या हवेची व्यवस्था यांच्या जोडीला, बाहेरच्या कामासाठीचे अवकाशपोशाख आणि एअरलॉक, म्हणजे आतली हवा न गमावता बाहेर पडायची दोन दारांची खोली, हेही होते. मोठ्या मथळ्यांत ही गोष्ट फारशी आली नाही. माझ्या मते त्या प्रतिकृतीतली सगळ्यांत महत्त्वाची ओळ तीच होती. भारताने बाहेर पडायचे दार आराखड्यात काढून ठेवले आहे.

हे दार उघडून बाहेर पाऊल टाकायचे तर काय काय शिकावे लागते? एक अडचण सोडवली की ती सोडवण्यातूनच पुढची अडचण उभी राहते, आणि ही साखळी समजली की पांढऱ्या पोशाखाकडे पाहण्याची नजर बदलते.

सुरुवात हवेपासून. आपल्या अंगावर हवेचा दाब असतो म्हणून आपल्या शरीरातले पाणी पाण्यासारखे राहते. दाब समुद्रसपाटीच्या सुमारे सोळाव्या हिश्शापर्यंत उतरला की शरीराच्या उष्णतेलाच पाणी उकळू लागते. १४ डिसेंबर १९६६ रोजी ह्यूस्टनमध्ये निर्वात दालनात पोशाख तपासत असताना जिम लेब्लांक यांची हवेची नळी सुटली. चौदा-एक सेकंदांत त्यांची शुद्ध हरपली. दालनात तातडीने हवा भरली गेली आणि ते सुखरूप वाचले. शुद्ध हरपण्याआधीचे त्यांना शेवटचे आठवत होते ते जिभेवरची लाळ बुडबुडण्याची जाणीव. म्हणून पोशाखात हवा भरून दाब ठेवावा लागतो.

पण किती दाब? बाहेर पोकळी आणि आत जमिनीइतका पूर्ण दाब ठेवला तर पोशाख ट्रकच्या टायरसारखा ताठ होतो, बोट वाकवणेही जमत नाही. हे सगळ्यांत आधी कळले ते अलेक्सेई लिओनोव यांना. १८ मार्च १९६५ रोजी सोव्हिएत वोस्खोद-२ यानातून, कापडी, फुगवून तयार केलेल्या एअरलॉकमधून ते बाहेर पडले. पावेल बेल्यायेव आत होते. बारा मिनिटे लिओनोव बाहेर होते, मानवजातीतला पहिला माणूस. परत यायची वेळ झाली तेव्हा पोशाख इतका फुगला होता की हात हातमोज्यांतून आणि पाय बुटांतून मागे सरकले होते, आणि ते दारात मावत नव्हते. त्यांनी तळाला न विचारता झडप उघडून पोशाखातली हवा थोडी थोडी सोडली आणि ठरल्याप्रमाणे पायाने आत येण्याऐवजी डोके आधी घुसवले. मग त्या अरुंद नळीत उलटे वळून दार बंद केले. पुढे उतरतानाही यान भरकटले आणि दोघांनी उरलच्या बर्फाळ जंगलात दोन रात्री काढल्या. पहिल्या स्पेसवॉकची ही हकीकत मी मुलांना सांगतो तेव्हा बाहेर पडण्याच्या क्षणावर थांबत नाही, परत आत येण्यावर थांबतो. तयारी खरी तिथेच लागते.

तर दाब कमी ठेवायचा. अमेरिकी पोशाखात तो वातावरणाच्या तीन-दशांशाहूनही थोडा कमी असतो, रशियन ओर्लान पोशाखात चार-दशांश. पण एवढ्या विरळ हवेत माणूस गुदमरेल. म्हणून साधी हवा काढून टाकून शुद्ध ऑक्सिजन भरायचा. हवेत ऑक्सिजन एक-पंचमांशच असतो, त्यामुळे तीन-दशांश दाबाचा शुद्ध ऑक्सिजन फुप्फुसांना पुरून उरतो. हा उपाय पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून नुसता बसून राहिलो होतो, इतका तो सुंदर वाटला.

इथेही साखळी संपत नाही. आपल्या रक्तात आणि पेशींत नायट्रोजन विरघळलेला असतो. दाब एकदम उतरला की तो बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येतो आणि सांध्यांत, मज्जारज्जूत अडकतो. खोल समुद्रात उतरणारे पाणबुडे घाईने वर आले की त्यांना हाच त्रास होतो. मग बाहेर पडण्याआधी अंतराळवीराने तासन्‌तास शुद्ध ऑक्सिजन श्वासात घेऊन अंगातला नायट्रोजन धुऊन काढायचा. आंतरराष्ट्रीय स्थानकावर कधी कधी ते आदल्या रात्री एअरलॉकमध्येच कमी दाबात झोपतात. सप्टेंबर २०२४ मध्ये पोलारिस डॉन या खासगी मोहिमेत तर एअरलॉकच नव्हते. सगळे यान रिकामे करायचे होते, म्हणून चौघांनी जवळजवळ दोन दिवस आतला दाब हळूहळू उतरवत नेला. म्हणजे दाराबाहेर पहिले पाऊल पडायच्या कितीतरी आधी स्पेसवॉक रक्तात सुरू झालेला असतो.

मग उष्णता. स्थानकाच्या बाहेर उन्हात पृष्ठभाग १२० अंश सेल्सियसपर्यंत तापतो आणि सावलीत उणे दीडशेपर्यंत उतरतो. ऊन आणि रात्र साधारण पाऊण-पाऊण तासाने पालटतात, म्हणजे एका स्पेसवॉकमध्ये चार-पाच सूर्योदय होतात. अशा ठिकाणी थंडी वाजेल असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात अडचण उलटी आहे: पोकळीत आजूबाजूला हवा नाही, त्यामुळे राबणाऱ्या माणसाच्या अंगातली उष्णता बाहेर जायला वाटच नसते. म्हणून पोशाखाच्या आत अंगाला चिकटून एक जाळीदार कपडा घालतात. त्यात सुमारे ९० मीटर लांबीच्या बारीक नळ्या शिवलेल्या असतात आणि त्यांतून गार पाणी फिरते. ते पाणी पाठीवरच्या पेटीत जाते. तिथे सच्छिद्र धातूच्या पत्र्यावर थोड्या पाण्याचा बर्फ होतो, तो बर्फ सरळ वाफ होऊन पोकळीत उडतो, आणि जाताना उष्णता घेऊन जातो. पंखा नाही, बर्फाची लादी नाही. पोकळीच शीतपेटी झाली.

हातमोजे हा सगळ्यांत कठीण भाग. प्रत्येक वेळी मूठ वळताना आतल्या दाबाविरुद्ध जोर लावावा लागतो, आणि काम तर सगळे बोटांचेच. सहा-सात तासांनी बोटे सुजतात, काहींची नखे उखडतात. म्हणून हातमोजे ज्याचे त्याच्या मापाचे लागतात, आणि बोटांच्या टोकांना तापवायला बारीक हीटर असतात. आणखी एक गोष्ट मला फार आवडते. पोशाख घातल्यावर मान वाकत नाही, त्यामुळे छातीवरची बटणे माणसाला दिसत नाहीत. मनगटावर एक छोटा आरसा असतो, त्यात बघून बटणे वाचायची. म्हणून छातीवरची अक्षरे उलटी छापलेली असतात, आरशात सुलटी दिसावीत यासाठी. ज्याने हे सुचवले त्याने एक संपूर्ण दिवस त्या पोशाखात काढला असणार.

पोशाख झाला, पण काम करायला शिकणे राहिले. जून १९६६ मध्ये जेमिनी-९ मधून बाहेर पडलेले युजीन सर्नन दोन तास धडपडत राहिले. धरायला पुरेशी जागा नाही, पाय रोवायला काही नाही. पाना फिरवायला जावे तर पाना जागेवर आणि माणूस फिरतो. नाडी दीडशेच्या वर गेली, घामाच्या वाफेने समोरची काच धुकटली, नाकाने घासून त्यांनी बघण्यापुरते भोक केले. नोव्हेंबरमध्ये बझ ऑल्ड्रिन गेले ते पाण्याच्या तलावात सराव करून. पाय अडकवायचे कोनाडे आणि धरायच्या मुठी आता यानावर बसवल्या होत्या. त्यांचे काम सुरळीत झाले.

तेव्हापासून तलाव ही स्पेसवॉकची शाळा आहे. ह्यूस्टनचा तलाव ६२ मीटर लांब, ३१ मीटर रुंद आणि १२ मीटर खोल आहे. त्यात स्थानकाच्या कक्षांच्या प्रतिकृती बुडवून ठेवलेल्या असतात. मॉस्कोजवळच्या स्टार सिटीतला तलाव गोल आहे. पोशाख घातलेल्या माणसाला वजने आणि फोम लावून असे तोलतात की तो बुडतही नाही, तरंगतही नाही. वरच्या एका तासाच्या कामासाठी पाण्यात पाच ते सात तास. तरीही पाणी पूर्ण खरे सांगत नाही. पाण्यात हलणे आपोआप थांबते, वर ते थांबत नाही. आणि पोशाखाच्या आत गुरुत्व असतेच, उलटे झाल्यावर रक्त डोक्यात उतरतेच.

भारताच्या सगळ्यांत जवळचे उदाहरण चीनचे आहे. शेनझोऊ-७ मोहीम २५ सप्टेंबर २००८ रोजी निघाली. झाई झिगांग, लिऊ बोमिंग आणि जिंग हायपेंग असे तिघे. झाई आधीच्या दोन्ही मानवी मोहिमांत राखीव होते, दोनदा तयारी करून जमिनीवरच राहिलेले. पोशाखांची वाटणी बघण्यासारखी आहे: झाई यांच्या अंगावर चिनी बनावटीचा नवा फेइत्यान, तर दारात उभ्या राहणाऱ्या लिऊ यांच्या अंगावर रशियाकडून घेतलेला ओर्लान. नवे शिकताना जुन्या जाणकाराचा हात धरून ठेवणे, ही तयारीतली शहाणीव होती. २७ सप्टेंबरला दार उघडायला गेले तर दार हलेना. आत थोडीशीच हवा उरली होती, पण एवढ्या मोठ्या झाकणावर तेवढी हवाही भारी पडते. जोर लावून ते उघडले. झाई बाहेर येताच यानात आग लागल्याचा इशारा वाजू लागला. तो खोटा निघाला, पण त्या क्षणी कुणाला माहीत? त्यांनी काम चालू ठेवले. झाई यांनी वीस-एक मिनिटे बाहेर राहून झेंडा फडकवला.

त्या दिवसानंतर जे घडत गेले ते मला जास्त मोलाचे वाटते. चीनने स्वतःचे स्थानक बांधले आणि अवकाशातल्या बारीक कचऱ्याच्या आघाताने त्याच्या मुख्य कक्षाच्या सौर पंख्याला इजा झाली. डिसेंबर २०२३ आणि मार्च २०२४ मध्ये शेनझोऊ-१७ च्या मंडळींनी बाहेर जाऊन तो दुरुस्त केला. झेंड्यापासून दुरुस्तीपर्यंत यायला पंधरा-सोळा वर्षे लागली.

सोव्हिएत संघ किंवा रशिया, अमेरिका आणि चीन, एवढ्याच देशांनी आजवर स्वतःच्या यानातून, स्वतःच्या पोशाखात माणूस बाहेर पाठवला आहे. इतर देशांचे नागरिक त्यांच्या सोबतीने बाहेर गेले. जपानचा पहिला स्पेसवॉक ताकाओ दोई यांनी नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकेच्या कोलंबिया यानातून केला आणि विन्स्टन स्कॉट यांच्या साथीने त्यांनी एक भरकटलेला उपग्रह चक्क हातांनी पकडला. त्या यानात कल्पना चावला होत्या. राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये साल्युत-७ स्थानकात राहून परतले आणि त्यानंतर तीनच महिन्यांनी, २५ जुलैला, त्याच स्थानकाच्या बाहेर स्वेतलाना साविट्स्काया यांनी पोकळीत धातू कापून, वेल्डिंग करून दाखवले. बाहेर जाणाऱ्या पहिल्या स्त्रीने तिथे वेल्डिंग केले, हे मला फार भावते. आपली माणसे त्या दाराच्या इतक्या जवळ जाऊन आली आहेत. शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ रोजी अ‍ॅक्सिऑम-४ मधून निघाले, १८ दिवस आंतरराष्ट्रीय स्थानकावर राहिले, मूग आणि मेथीला मोड आणून १५ जुलैला परतले. त्या मोहिमेत स्पेसवॉक नव्हता.

आपल्या तयारीत जे आधीच जमले आहे ते कमी नाही. ३० डिसेंबर २०२४ रोजी पीएसएलव्हीने स्पेडेक्सचे दोन उपग्रह नेले, प्रत्येकी सुमारे २२० किलोचे. १६ जानेवारी २०२५ रोजी ते अवकाशात एकमेकांना जोडले गेले, मार्चमध्ये सुटले, एप्रिलमध्ये पुन्हा जोडले गेले. अशी जोडणी येणारा भारत चौथा देश. कक्ष जोडून स्थानक उभे करायचे तर ही पहिली पायरी. त्याच रॉकेटच्या वरच्या टप्प्यावर एक यांत्रिक हात होता, जो दोन्ही टोकांनी पकड घेत जागा बदलतो. पॅराझिन्स्की उभे होते त्या हाताचे हे अगदी लहान भावंड. आणि तिथेच चवळीचे आठ दाणे चार दिवसांत रुजले होते, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

वर नेण्याची तयारी तर आपल्या आजूबाजूलाच चालली आहे. भारताच्या स्वतःच्या मानवी यानाला, म्हणजे गगनयानला, उचलणाऱ्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या दोन बाजूंना एस-२०० नावाच्या घन इंधनाच्या मोटारी असतात, प्रत्येकीत सुमारे २०० टन इंधन. गगनयानसाठीच्या या मोटारीचा मधला खंड, ३.२ मीटर व्यासाचा, साडेआठ मीटर लांब आणि साडेपाच टनांचा, २०२० मध्ये खाडीपलीकडे पवईला लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यातून रवाना झाला. इंदापूर तालुक्यातले वालचंदनगरही अशा मोटारींचे भाग बनवते. रॉकेटच्या मधल्या टप्प्यातली विकास इंजिने विक्रोळीत गोदरेजच्या शेडमध्ये जुळतात. भारतातल्या घन इंधनाचा पाया घालणाऱ्यांत पुण्यात जन्मलेले, कोल्हापुरात वाढलेले डॉ. वसंत गोवारीकर होते. ते १९७९ ते १९८५ तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. हार्बर लाइनच्या गर्दीत तुमच्या शेजारी उभा असलेला फिटर किंवा वेल्डर उद्याच्या रॉकेटवर हात फिरवून आलेला असू शकतो.

मात्र ही वर पोचण्याची तयारी झाली. दाराबाहेरची तयारी वेगळी आहे. २०१८ मध्ये बेंगळुरूच्या प्रदर्शनात इस्रोने दाखवलेला नारिंगी पोशाख, किंवा २०२० मध्ये रशियाच्या झ्वेझ्दा कंपनीने आपल्या वीरांची मापे घेऊन बनवायला घेतलेले पोशाख, हे यानाच्या आत बसून वापरायचे. यानातली हवा गेली तर जीव वाचवणे हे त्यांचे काम. बाहेरचा पोशाख म्हणजे माणसाच्या मापाचे स्वतंत्र यानच: ऑक्सिजन, थंडावा, वीज, संदेशवहन, कार्बन डायऑक्साइड शोषणारी पेटी, सगळे पाठीवर. जमिनीवर त्याचे वजन सव्वाशे किलोच्या आसपास भरते.

आणि अनुभवी देशाचाही पोशाख दगा देतो. १६ जुलै २०१३ रोजी इटलीचे लुका परमितानो बाहेर काम करत होते आणि त्यांच्या शिरस्त्राणात पाणी साचू लागले. वजनरहित अवस्थेत पाणी खाली सांडत नाही. ते मानेवरून सरकत कान, डोळे, नाक झाकू लागले. सूर्यही मावळला. दिसत नाही, नीट ऐकू येत नाही, अशा स्थितीत ते स्थानकाला बांधलेल्या दोरीचा ताण हाताने चाचपत दारापर्यंत परतले. जवळजवळ दीड लिटर पाणी निघाले. चौकशीत कळले की पाठीवरच्या यंत्रातली बारीक छिद्रे बुजली होती. त्याहून मोठी गोष्ट ही की आठवडाभर आधीच्या स्पेसवॉकमध्येही त्याच पोशाखात पाणी आले होते, आणि पिण्याच्या पिशवीतून गळले असेल असे म्हणून ते सोडून दिले गेले होते. नासाने हे सगळे छापून लोकांसमोर ठेवले. त्यानंतर शिरस्त्राणात पाणी शोषणारी गादी आली आणि श्वासासाठी एक साधी नळी आली.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. भारताचा पहिला स्पेसवॉक कुणाला गाठण्याच्या तारखेवर ठरू नये. तलावातले तास पुरे झाल्यावर, निर्वात दालनात पोशाख वारंवार तपासल्यावर, आणि पहिल्या सरावातला पाण्याचा एकही थेंब ‘असेल काहीतरी’ म्हणून न सोडता ठरावा. त्या चाचण्यांत जे बिघडेल ते इस्रोने मोकळेपणाने छापावे. ते वाचणारे विद्यार्थी आणि कारागीर या देशात भरपूर आहेत. आणि आपल्या पहिल्या माणसाच्या हाती झेंड्याच्या जोडीला एखादे खरे काम द्यावे, निदान एक बोल्ट आवळायला द्यावा. तोवर वाचकांना एकच विनंती: स्थानक आपल्या गावावरून कधी जाणार याच्या वेळा नासा मोफत जाहीर करते. त्या बघा, पोरांना गच्चीवर न्या आणि त्या ठिपक्याच्या आत-बाहेर काम चाललेले असते हे त्यांना सांगा.